‘केमिकल कमी झालंय’ एवढं सांगून भागत नाही

एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या गोळीची चिठ्ठी घेऊन आलेलं माणूस बहुतेक वेळा दुकान रिकामं व्हायची वाट बघतं. खोकल्याचं औषध नेणारे, बीपीच्या गोळ्यांचा महिन्याचा हिशेब करणारे आजोबा, सगळे गेले की मग चिठ्ठी काउंटरवर सरकते, घडी न उलगडता. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २२ वर्षं औषधांचं दुकान चालवते आहे. गोळ्या मोजून देताना मी हळूच विचारते, डॉक्टरांनी काय सांगितलं? उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. “मेंदूतलं केमिकल कमी झालंय म्हणाले. गोळीनं भरून येईल.”

यातली काही माणसं आठव्या-दहाव्या दिवशी परत येतात. “ताई, उरलेल्या परत घेता का? काही फरक नाही. उलट मळमळतंय, आणि जीव पहिल्यापेक्षा जास्त घाबरा होतोय.” काही जण सात-आठ महिन्यांनी येतात. त्यांना छान बरं वाटलेलं असतं, म्हणून त्यांनी गोळी एका दिवसात बंद केलेली असते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चक्कर, चिडचिड, भलतीसलती स्वप्नं, मान वळवली की डोक्यात करंट मारल्यासारखं होतं. त्यांचा प्रश्न असतो, “म्हणजे मला सवयच लागली ना याची?”

ही दोन्ही माणसं त्यांना जे सांगितलं गेलं त्याला धरूनच वागत असतात. काहीतरी कमी आहे आणि गोळी ते भरते असं असेल, तर दहा दिवसांत निदान थोडं तरी भरायला हवं. आणि एकदा भरलं की गोळी थांबवायला हरकत काय? चूक त्या माणसांची नाही, त्या वाक्याची आहे. नैराश्य म्हणजे सेरोटोनिन या मेंदूतल्या केमिकलची कमतरता, हे सांगणं आता थांबवलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. गोळ्या निरुपयोगी आहेत म्हणून मी हे म्हणत नाही. त्या पुष्कळांना उपयोगी पडतात, आणि या एका वाक्यामुळे माणसं त्या चुकीच्या वेळी सोडतात, म्हणून म्हणते.

आधी एक साधी गोष्ट. हिमोग्लोबिन कमी आहे असं डॉक्टर म्हणतात तेव्हा हातात लॅबचा कागद असतो. थायरॉइडचं तसंच, बी-१२ चंही तसंच. सेरोटोनिन कमी झालंय असं ज्यांना सांगितलं गेलं, त्यांच्यापैकी एकाचंही ते कुणी मोजलेलं नसतं. मोजता येतं ते रक्तातलं, आणि त्यावरून मेंदूचा काहीच अंदाज लागत नाही. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यांत असतं. तिथून ते रक्तातल्या प्लेटलेट्समध्ये जातं, पण मेंदूत शिरू शकत नाही. केळी खा, सेरोटोनिन वाढेल, मन आनंदी राहील, असे व्हॉट्सअॅपवर फिरणारे सल्ले इथेच कोलमडतात. केळ्यात सेरोटोनिन आहे हे खरं, पण त्याला मेंदूची वेस ओलांडता येत नाही.

मेंदू स्वतःपुरतं सेरोटोनिन स्वतःच बनवतो. त्यासाठी लागणारा ट्रिप्टोफॅन हा घटक अन्नातल्या प्रथिनांतून येतो. बनवणाऱ्या पेशी मात्र अगदी थोड्या. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांतल्या सेरोटोनिनवाल्या पेशी काही लाख, आणि त्याही बहुतेक सगळ्या मेंदूच्या बुडाशी, देठासारख्या भागात एका रांगेत बसलेल्या. त्या रांगेला रॅफे म्हणतात. तिथून निघालेले धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरतात. जागेपणी या पेशी घड्याळाच्या टिकटिकीसारख्या, सेकंदाला एक-दोनदा, संथ लयीत संदेश सोडतात. गाढ झोपेत त्या मंदावतात आणि स्वप्नांच्या झोपेत जवळजवळ गप्प होतात.

एवढ्या थोड्या पेशींकडे एवढं मोठं क्षेत्र सोपवलं की त्यांच्यावर लगाम हवाच, आणि तो एक नाही, अनेक आहेत. सोडलेलं सेरोटोनिन पेशीबाहेर फार वेळ राहत नाही. पेशीच्या भिंतीवरचे छोटे पंप ते परत आत ओढतात. आत आलेलं काही पुन्हा साठवलं जातं, काहीचं विघटन होतं. त्यावर आणखी एक युक्ती आहे, आणि या लेखातला सगळा वाद माझ्या मते तिच्याभोवती आहे. रॅफेतल्या पेशींच्या अंगावरच सेरोटोनिन ओळखणारे ग्राही असतात. आसपास सेरोटोनिन वाढलं की हे ग्राही त्याच पेशीला बजावतात, पुरे, आता हळू. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक असतो तसं हे आहे. पाणी चढलं की बॉल वर येतो आणि येणारी धार बंद होते.

आता एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या जातीच्या गोळ्या काय करतात ते बघा. त्या सेरोटोनिन भरत नाहीत. त्यांच्यात सेरोटोनिनचा कणही नसतो. त्या ते परत ओढणारे पंप अडवतात, आणि हे पहिली गोळी घेतल्यावर काही तासांतच होतं. मग बरं वाटायला दोन ते चार आठवडे का लागतात? कारण बॉलकॉक. पंप अडले की रॅफेच्या आसपास सेरोटोनिन चढतं, बॉल वर येतो, आणि पेशी आपला वेग कमी करतात. म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत गोळी एका बाजूने ढकलते आणि मेंदू दुसऱ्या बाजूने मागे रेटतो. सेरोटोनिनचा हा चढ टिकून राहिला की दोन-तीन आठवड्यांत ते ग्राही बोथट होतात, पेशींची लय पूर्वपदावर येते, आणि मेंदूच्या पुढच्या भागात सेरोटोनिन खऱ्या अर्थाने वाढतं. हे मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळलेलं आहे. गोष्ट इथेच संपतही नाही. चेतापेशींचे परस्परांशी असलेले जोड बदलण्याची क्षमता या औषधांनी वाढते, आणि खरा गुण तिथून येत असावा असं मानणारे संशोधक पुष्कळ आहेत. काहींना पहिल्याच आठवड्यात थोडं हलकं वाटतं, हेही खरं.

मळमळीचं कारणही याच चित्रात सापडतं. सेरोटोनिनचा मोठा साठा आतड्यांत आहे म्हटल्यावर गोळीची पहिली चाहूल पोटाला लागणारच. बहुतेकांची मळमळ आठ-पंधरा दिवसांत ओसरते. दहाव्या दिवशी गोळ्या परत करायला आलेल्या माणसाला हे कुणी आधी सांगितलेलं नसतं. उतार सुरू व्हायच्या तोंडाशीच तो औषध सोडत असतो. (जाता जाता: या गोळ्या चालू असताना गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा ट्रॅमाडॉल मनाने घेऊ नका. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्समधलं सेरोटोनिन कमी झालेलं असतं, त्यामुळे पहिल्याने पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते. दुसऱ्याने सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं.)

मग ही कमतरतेची गोष्ट आली कुठून? तिचा एक धागा थेट मुंबईपर्यंत जातो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन पाहिली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. जगाचं लक्ष आपल्या या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये सिबा कंपनीच्या स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातला रेसर्पिन हा घटक वेगळा केला. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की रेसर्पिनने प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन रिकामं होतं. आणि रेसर्पिन घेणारे रक्तदाबाचे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या होत्या. त्याच दशकात क्षयासाठी दिलेल्या इप्रोनियाझिडने काही रुग्ण उत्साही झाल्याचं दिसलं, आणि ते औषध सेरोटोनिनसारख्या रसायनांचं विघटन रोखतं हेही कळलं. रिकामं झालं की उदासी, साठलं की उत्साह, अशी सरळ बेरीज मांडली गेली. १९६० च्या दशकात तिला सिद्धान्ताचं रूप आलं. १९८७ च्या अखेरीस फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि जाहिरातींनी तो सिद्धान्त घरोघर पोचवला.

पण त्याच १९५५ साली लंडनमधल्या डेव्हिस आणि शेफर्ड या डॉक्टरांनी चिंता आणि उदासीच्या रुग्णांना रेसर्पिन देऊन पाहिलं होतं, आणि त्यांना त्याने फायदा झालेला दिसला. सेरोटोनिन रिकामं करणाऱ्या औषधाने! लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे छापूनही आलं. बेरीज इतकी सोपी होती की तिच्याविरुद्धचा आकडा कुणी फारसा मनावर घेतला नाही.

पुढे आणखी नेमका पुरावा आला. ट्रिप्टोफॅन वगळलेलं खास पेय देऊन मेंदूतलं सेरोटोनिन काही तासांसाठी खाली आणता येतं. निरोगी माणसांवर हे केलं तर बहुतेकांना नैराश्य येत नाही. पण याच प्रकारच्या गोळ्यांनी नुकत्याच बऱ्या झालेल्या रुग्णांवर केलं, तर त्यांच्यातल्या अनेकांची उदासी त्याच दिवशी परत येते. हे १९९० पासून माहीत आहे. या दोन निष्कर्षांचा एकत्र अर्थ लावला की माझं म्हणणं तयार होतं. सेरोटोनिन कमी होणं हे नैराश्याचं कारण असेलच असं नाही, आणि तरीही गोळीचा गुण सेरोटोनिनच्याच वाटेने येतो. आग लागली ती पाणी कमी होतं म्हणून नव्हे, विझते मात्र पाण्यानेच.

जुलै २०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी या विषयावरच्या आजवरच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेने येतं याला सुसंगत पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आढाव्याच्या पद्धतीवर इतर तज्ज्ञांनी पुढच्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, जोरदार आक्षेप घेतले. त्याच वर्षी लंडनमधल्याच एका छोट्या अभ्यासात, नैराश्याच्या १७ रुग्णांच्या मेंदूत सेरोटोनिन सोडण्याची क्षमता कमी दिसली, म्हणजे दार पूर्ण बंद झालेलं नाही. शास्त्रज्ञांनी यावर भांडावं, तेच त्यांचं काम आहे. पण आपल्याकडे मोबाइलवर पोचला तो फक्त मथळा, “डिप्रेशनच्या गोळ्या निकामी”. त्या आढाव्याने गोळ्यांचा गुण तपासलेलाच नव्हता. तो तपासला गेला होता २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये छापल्या गेलेल्या वेगळ्या अभ्यासात. ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण, २१ औषधं. सगळीच औषधं नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली, सरासरीने फार मोठ्या फरकाने नव्हे, पण ठरली. कुणाला भरपूर गुण येतो, कुणाला मुळीच येत नाही, आणि कुणाला कोणती गोळी लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. खरं चित्र हे आहे. ते “भरून येईल”इतकं गोड नाही आणि “निकामी”इतकं कडूही नाही.

माझ्या बोलण्यावर डॉक्टरांकडून दोन उत्तरं येतात. पहिलं, लोकांना सोपी गोष्ट लागते, आणि या गोष्टीने आजाराची लाज कमी होते. लाजेचा मुद्दा मी हलका मानत नाही. “मनाने कमकुवत आहे,” “चार कामं जास्त कर म्हणजे बरं वाटेल,” हे ऐकून थकलेल्या सुनेला ‘केमिकल’ या शब्दाचा केवढा आधार वाटतो ते मी काउंटरवर पाहिलं आहे. निदान तो दोष तिचा नाही असं कुणीतरी म्हणालेलं असतं. पण या आधाराची किंमतही मोजावी लागते. अमेरिकेत २०१४ च्या एका अभ्यासात नैराश्य येऊन गेलेल्या विद्यार्थ्यांना, तुमचा आजार रासायनिक असमतोलामुळे आहे, असं चाचणीच्या बहाण्याने सांगितलं गेलं. त्यांनी स्वतःला दोष देणं कमी झालं नाही, आणि आपण बरे होऊ, आपलं मन आपण सांभाळू शकू, ही आशा मात्र खाली गेली. माझ्याकडे येणाऱ्यांचा सर्वांत जड आवाजात विचारलेला प्रश्न हाच असतो, “म्हणजे हे आता आयुष्यभर का?” मधुमेहाचा दाखला देऊन हा आजार समजावला की हा प्रश्न पडणारच.

दुसरं उत्तर असतं वेळेचं. सरकारी ओपीडीत एका रुग्णाला पाच मिनिटंही मिळत नाहीत, त्यात मेंदूचा बॉलकॉक कुठे समजावणार? ही अडचण खरी आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार नैराश्य, चिंता असे सर्रास आढळणारे मानसिक आजार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. जे थोडे पोचतात त्यांना बघणारे बहुधा फॅमिली डॉक्टर असतात. त्यांचा उपकारच मानायला हवा. पण म्हणूनच मला एका गोष्टीची काळजी वाटते. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेली औषधं आपल्याकडे सर्रास दिली जातात. क्लोनाझेपामने त्याच रात्री झोप लागते, घालमेल थांबते, म्हणून माणूस खूश होतो. पण सवय खऱ्या अर्थाने लागते ती क्लोनाझेपामची. ते थोडे दिवस देऊन काढून घ्यायचं असतं, आणि एकाच गोळीत बांधलेलं असलं की एक चालू ठेवून दुसरं काढता येत नाही. मग वर्षभराने सगळंच एकदम बंद होतं, जो त्रास होतो तो कशाचा हे कुणालाच सांगता येत नाही, आणि गावभर होतं ते एकच: डोक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या सुटत नाहीत.

सोडण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे डॉक्टरही कमी बोलतात. नेहमीच्या डोसला ही औषधं सुमारे ८० टक्के पंप अडवून बसतात. डोस निम्मा केला की हा ताबा निम्मा होत नाही, थोडासाच उतरतो. शेवटच्या छोट्या डोसावरून शून्यावर येताना मात्र तो धाडकन कोसळतो. म्हणून सुरुवातीला कमी करणं सोपं जातं आणि शेवटची पाव गोळी सोडताना चक्कर येते. महिनोन् महिने जुळवून घेतलेला मेंदू एका दिवसात मागे फिरत नाही. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या गोळ्या सोडताना हा त्रास जास्त होतो. फ्लुओक्सेटिन शरीरातून जायलाच काही आठवडे घेतं, म्हणून त्याला कमी. या त्रासाला व्यसन म्हणणं चूक आहे, कारण त्यात हाव नसते आणि डोस वाढवत नेण्याची ओढही नसते. पण म्हणून तो त्रास नाहीच असं म्हणणं तितकंच चूक. आणि आजार उलटला, असं समजून गोळी पुन्हा जन्मभरासाठी सुरू करणं हीसुद्धा चूकच, निदान विचारपूस न करता. अर्थात आजार खरोखरच उलटू शकतो. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गोळी थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना वर्षभरात नैराश्य परतलं, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. हे दोन्ही आकडे माणसासमोर ठेवले, तर थांबवायचं की चालू ठेवायचं हे तो डॉक्टरांसोबत बसून ठरवू शकतो. “बघू पुढे” या दोन शब्दांवर त्याने काय ठरवायचं?

माहिती देणं हा चांगुलपणाचा भाग आहे असंही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम २२ वाचावं. आजाराचं स्वरूप, सुचवलेला उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती रुग्णाला मिळाली पाहिजे, आणि त्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, असं तिथे लिहिलेलं आहे. समजेल अशा भाषेत! माझ्या दुकानात येणाऱ्या खोक्यातलं माहितीपत्रक इंग्रजीत असतं, आठ पॉइंटपेक्षा बारीक छपाईचं, आणि दहा स्ट्रिपांना मिळून एक. पंधरा गोळ्या कापून नेणाऱ्या बाईच्या हाती ते कधीच पडत नाही.

आणि वेळ फक्त डॉक्टरांनीच काढावा असं कुणी म्हटलंय? गोव्यात यावर वर्षानुवर्षं काम झालं आहे. २००३ मध्ये तिथल्याच रुग्णांवर सिद्ध झालं की फ्लुओक्सेटिनने पहिल्या दोन महिन्यांत साखरेच्या गोळीपेक्षा जास्त गुण येतो. आणि २०१७ मध्ये, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेच्या कामातून, असंही दिसलं की वैद्यकीय पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ बैठका घेतल्या तरी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना फायदा होतो. आपल्या आशाताई, आरोग्य केंद्रातले समुपदेशक आणि माझ्यासारखे औषधविक्रेते यांना नवीन रुग्णाला सांगायची चार वाक्यं नीट शिकवली, तर पाच मिनिटांच्या ओपीडीवरचा भार हलका होईल. औषधविक्रेत्याला गोळ्या मोजणारा न समजता त्याच्या पदवीचा उपयोग करून घ्या, एवढीच माझी विनंती आहे.

ती चार वाक्यं मी लिहून काउंटरखाली चिकटवली आहेत. नवीन चिठ्ठी आली की दुकान रिकामं असो वा नसो, आवाज खाली आणून मी ती म्हणते: “तुमच्यात काही कमी पडलंय म्हणून ही गोळी नाही, मेंदूला त्याची घडी पुन्हा बसवायला वेळ मिळावा म्हणून आहे. पहिले पंधरा दिवस मळमळ किंवा घालमेल वाटेल, गुण त्यानंतर दिसायला लागतो, आणि सहा आठवड्यांतही नाही दिसला तर दुसरं औषध असतं. या सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः वय पंचविशीच्या आतलं असेल तर, जीव नकोसा वाटण्याचे विचार वाढले, तर घरात एकाला तरी सांगा, लगेच डॉक्टरांकडे जा, रात्री-अपरात्री ‘टेलि-मानस’ या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीत बोलतात. आणि बरं वाटलं की एकदम थांबवू नका, या, आपण डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करू.”

हे म्हणायला एक मिनिट पुरतं. गेल्या महिन्यात एक काका दहाव्या दिवशी आले. मी उरलेल्या गोळ्या परत घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाले, “परत करायला नाही आलो. मळमळ कालपासून कमी आहे, तुम्ही म्हणाला होता तसंच. पुढच्या पंधरा दिवसांच्या द्या.”